एक्सलमधलं पाणी

४ ऑगस्ट, सोमवार

कारखान्याच्या स्टोअरमध्ये सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तूंच्या नोंदी ठेवल्या. मार्चअखेर कारखानाच बंद झाला. ही वही हिने आणून दिली, म्हणाली, "आता स्वतःच्या नोंदी ठेवा." चार महिने कोरीच पडली होती. आज लिहिण्यासारखं काही घडलं, म्हणून अक्षर जरा जपून काढतोय.

नदीवरचा पूल एप्रिलमध्ये खचला. पलीकडे अकरा घरं आहेत. मोटारीने जायचं तर टेकडीला वळसा घालून अडीच तास लागतात. उथळ जागेतून नदी ओलांडली तर चाळीस मिनिटं. पण तिथेही पाणी गुडघाभर आणि तळाला गोटे. तिथून जाईल अशी एकच गाडी आमच्या नात्यात होती, मेहुण्याची एटीव्ही. मोटरसायकलसारखं हँडल, चार फुगीर चाकं, पुढे-मागे सामानाला लोखंडी जाळी. त्याची रोपवाटिका आहे, तिथे माती-खत वाहायला वापरायचा. गेल्या आठवड्यात अचानक आला, टेबलावर चावी ठेवली आणि म्हणाला, "भावजी, नुसती उभी असते. तुम्हीच वापरा." त्याला अडगळ हलवायची असेल. मी आपला आयत्या बिळावर नागोबा.

आज पहिली फेरी. औषधांच्या तीन पिशव्या, दोन गॅस सिलिंडर आणि मास्तरांचा ऑक्सिजन. मास्तर पलीकडच्या शाळेतून निवृत्त झालेले. फुप्फुसं थकलीत, नाकात कायम नळी. धाकटी बहीण त्यांचं सगळं करते. तिला सगळे आक्का म्हणतात. एक सिलिंडर दोन दिवस पुरतो. तो वेळेवर मिळणार नसेल तर मास्तरांना घर सोडून शहरातल्या दवाखान्यात राहावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आक्कांनी सिलिंडरला हात लावून पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मला पुरे झालं.

परत आल्यावर गाडी धुतली. कारखान्याने निरोपाला दिलेला वॉशिंगचा पंप शेवटी कामी आला. चाकांच्या आत, एक्सलच्या दोन्ही टोकांना, जिथे चिखल दिसला तिथे नळी टेकवून जोरदार धार मारली. ही खिडकीतून म्हणाली, "पाण्यातून आलेल्या म्हशीला पुन्हा अंघोळ घालणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतेय." तेव्हापासून गाडीचं नाव म्हैस.

खूप दिवसांनी भूक लागली.

७ ऑगस्ट, गुरुवार

मेहुणा आला होता, तोही चालत. रोपवाटिकेपासून तासाभराची वाट आहे. शर्ट घामाने भिजलेला, तळहातांना फोड. वजन कमी करायचं मनावर घेतलेलं दिसतंय. चांगलं आहे.

मी म्हैस धूत होतो. तो थोडा वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "धार जरा लांबून मारली तर?" मी म्हटलं, लांबून चिखल निघत नाही. दिलेल्या वस्तूवरून काही जणांचं मन निघत नाही, तसं असावं. हिने त्याला जेवायला थांबवला. जेवताना दोघं बहीणभाऊ काहीतरी हळू बोलत होते, मी आल्यावर विषय बदलला.

२३ ऑगस्ट, शनिवार

मागच्या उजव्या चाकातून दोन दिवस घरघर येत होती, जात्यात खडा सापडावा तशी. आज चाक धरून हलवलं तर चक्क डुलत होतं.

लेथवाल्या बाईंकडे नेली. बाई आमच्याच कारखान्यात टूलरूमला होत्या. आता स्वतःच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक लेथ, एक प्रेस आणि एक पंखा घेऊन बसतात. मी स्टोअरला असताना नवे हातमोजे मागायला आल्या की "आधी जुने दाखवा" म्हणायचो. त्या ते विसरल्या नसणार. तरी हातातलं काम बाजूला ठेवून त्यांनी माझी गाडी घेतली.

एक्सलचं बेअरिंग गेलं होतं. छर्रे गंजून खडबडीत झालेले. बाई म्हणाल्या, पाणी आत कुठून जातंय ते शोधायला हवं, गाडी दोन दिवस ठेवून जा. मी म्हटलं, शक्य नाही, उद्या मास्तरांचा सिलिंडर आहे. त्यांनी नवं बेअरिंग दाबून बसवलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण हे पुन्हा येणार."

हातमोज्यांबद्दल एक शब्द नाही. मोठ्या मनाची बाई.

१ सप्टेंबर, सोमवार

आज मास्तरांनी खाटेवरून हात उंचावून मला बसायची खूण केली. त्यांना एका दमात तीन-चारच शब्द बोलता येतात. म्हणाले, "इथून नदी दिसते." मग थांबून, "तुम्ही येताना दिसता." आक्का सांगत होत्या, सिलिंडरच्या दिवशी सकाळपासून उशा लावून खिडकीकडे तोंड करून बसतात.

कोणी आपली वाट बघत असतं, ही फार मोठी गोष्ट आहे. घरी आल्यावर उत्साहाने म्हशीला दुप्पट वेळ धुतलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा तेच चाक, तीच घरघर. वीस दिवसांत नव्या बेअरिंगचा भुगा.

बाईंनी उघडून दाखवलं. बेअरिंग ज्या घरात बसतं ते थोडं झिजलंय, असं त्या म्हणाल्या. पुढेही काही सांगत होत्या, त्यामुळे एवढं होणार नाही वगैरे, पण माझ्या डोक्यात प्रकाश पडला होता. मुळातच झिजलेला माल! म्हणून तर एवढ्या उदारपणे चावी ठेवून गेला. वर "नुसती उभी असते" म्हणे.

घरी येऊन त्याला फोन लावला. मी काय बोललो ते सगळं लिहीत नाही. शेवटचं वाक्य मात्र आठवतं. "घरच्याच माणसाच्या गळ्यात अडगळ मारलीस," असं म्हटलं. तो "बरं भावजी" म्हणाला आणि फोन ठेवला. उलट बोलला नाही, म्हणजे मनात काळंबेरं असणारच.

ही आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

१५ सप्टेंबर, सोमवार

तीन दिवस ही कामापुरतंच बोलतेय. ताप नाही, डोकं दुखत नाही म्हणते. ऋतू बदलतोय, त्याचा परिणाम असेल. मी दोनदा चहा करून दिला. प्यायली. कपही विसळून ठेवला. पण बोलली नाही.

नवं बेअरिंग अजून शांत आहे. मी काळजी घ्यायचं ठरवलंय. आता चाकाच्या आतल्या बाजूनेही धार मारतो, कण म्हणून राहू देत नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

हे आजच लिहायला हवं.

वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं, त्यामुळे नदी मांडीपर्यंत. मास्तरांचा सिलिंडर कालच जायचा होता, पण काल पाणी जास्त होतं म्हणून गेलो नाही. आक्कांचा सकाळी फोन आला. काटा लाल रेघेच्या जवळ आलाय, चारपर्यंत कसाबसा पुरेल. पाणी उतरायची वाट बघण्यात सकाळ गेली, वळशाच्या रस्त्याला वेळ उरला नाही, म्हणून दोन वाजता नदीत म्हैस घातली. उशीर झाला म्हणून रस्त्याने जोरात आलो होतो, तसाच थेट पाण्यात.

मधोमध मागून कडकन आवाज आला. उजवं चाक आत कलंडलं आणि म्हैस बसली. इंजिन चालू होतं, पण ती जागची हलेना. सिलिंडर मागे बांधलेला. तो सोडवून खांद्यावर घेतला आणि उतरलो. दुसऱ्याच पावलाला पाय दोन गोट्यांमध्ये अडकला आणि मी पाण्यात बसलो. सिलिंडर सोडला नाही. पण घोट्यातून कळ गेली ती डोक्यापर्यंत. कसाबसा परत गाडीवर चढलो. समोर तीरावरच्या चढाच्या वर मास्तरांची खिडकी. म्हणजे ते मला बघत होते.

हिला फोन केला. मला वाटलं रडेल. तिने एवढंच विचारलं, "सिलिंडर कोरडा आहे का?" मग म्हणाली, "तिथेच थांबा. हलू नका."

अर्ध्या तासात मेहुणा सायकलवरून आला. अठरा दिवस आम्ही बोललो नव्हतो. कॅरिअरला दोर आणि कुंड्या उचलायचा चेन-ब्लॉक बांधलेला. सायकल टाकली, हातात काठी घेतली आणि पाय चाचपत माझ्यापर्यंत आला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आधी सिलिंडर," तो म्हणाला.

पंधरा किलोचं लोखंड खांद्यावर घेऊन तो उरलेली नदी ओलांडून गेला. पाणी त्याला एका बाजूला ढकलत होतं आणि तो तिरका तिरका चालत होता. मग चढावर दिसला, मग दिसेनासा झाला. मी गाडीवर पाय वर घेऊन बसलो होतो. एवढं निरुपयोगी मला स्टोअरचं कुलूप लावून चावी परत दिली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पावणेचारला आक्कांचा फोन आला. लागला म्हणाल्या. सिलिंडर लागला. मेहुणा पोचला तेव्हा मास्तर खाटेची कड धरून बसले होते, ओठ निळसर झाले होते. आता रंग परत येतोय.

मेहुणा परत आला, तीरावरच्या झाडाला चेन-ब्लॉक अडकवला आणि वीतवीत ओढत तासाभरात म्हैस आणि मला बाहेर काढलं. मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणलं. सबंध वाटेत तो एकदाच बोलला. "घोट्याला बर्फ लावा." दारातूनच परत गेला. ही त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत कितीतरी वेळ दारात उभी होती.

मास्तर आहेत. बाकी सगळं उद्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

म्हैस टेम्पोत घालून बाईंच्या शेडमध्ये नेली. मी घोटा बांधून स्टुलावर. आज घाई केली नाही, म्हटलं उघडा आणि शोधा.

बाईंनी पुलर लावून बेअरिंग ओढून काढलं. आतून पांढरं, ताकासारखं पाणी ओघळलं. ते मुळात ग्रीस होतं, पाण्यात घुसळून तसं झालेलं. बाईंनी बोटावर घेऊन मला दाखवलं. मी म्हटलं, रोज नदीतून जाते, पाणी शिरणारच. आणि मेहुण्याने दिलेलं घरच झिजलेलं.

"घर झिजलंय ते कागदाच्या जाडीचं," त्या म्हणाल्या. "त्याने एवढं होत नाही. मी मागेही सांगितलं होतं." मग रबराची गोल कडी उजेडाकडे धरली. "हे सील. याचा ओठ एक्सलला घट्ट चिकटून बसतो, म्हणून पाणी बाहेर राहतं. हा ओठ बघा, आतल्या बाजूला उलटलाय. नदीच्या पाण्याला एवढा जोर नसतो. तुम्ही गाडी धुता कशाने?"

मी अभिमानाने सांगितलं. पंपाने, रोज, नळी टेकवून.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सील माझ्या हातात दिलं आणि कपाळावरचा घाम मनगटाने पुसला.

"साहेब, नदी वरवरून जाते. आत पाणी तुम्ही भरत होतात."

मी त्या कडीकडे बघत राहिलो. मग या वहीतली सात ऑगस्टची नोंद आठवली. घरी येऊन काढून वाचली. त्याने मला सांगितलं होतं. मीच माझ्या हाताने लिहून ठेवलंय, आणि खाली त्याच्या मनाविषयी काय तर्क केलाय तेही.

बाईंनी पुढे सगळं समजावलं, मी कागदावर उतरवून घेतलं. धुताना बादली आणि फडकं, फार तर लांबून मंद पाणी. जोरात आल्यावर एक्सल तापलेला असतो. तसाच गार पाण्यात घातला तर आतली हवा आकसते आणि पाणी खेचून घेते. म्हणून नदीकाठी दहा मिनिटं थांबायचं, हात लावून बघायचा, मगच उतरायचं. पाण्यात न विरघळणारं ग्रीस भरायचं. आठवड्यातून एकदा चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं, डुललं तर लगेच उघडायचं. काल झालं ते एका दिवसात झालेलं नाही, चाक आठवडाभर तरी डुलत असणार, असंही त्या म्हणाल्या. मी हलवून बघितलंच नव्हतं. धुण्यात मग्न होतो.

दोन्ही बाजूंना नवी बेअरिंगं, नवी सीलं. शिवाय बाईंनी लेथवर स्टीलच्या दोन वाट्या कातल्या. त्या सीलवर टोपीसारख्या बसतात, म्हणजे पाण्याचा मारा थेट ओठावर येणार नाही. ही त्यांची स्वतःची युक्ती. त्या वाट्या कातताना त्यांच्या हातात मोजे नव्हते. लेथवर मोजे घालायचे नसतात, मोजा अडकला तर हात ओढला जातो, असं त्यांनी सांगितलं. मोजे भट्टीवरच्या पोरींसाठी मागायला यायच्या. मी सव्वीस वर्षं स्टोअर सांभाळलं आणि मला हे माहीत नव्हतं.

मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जुने दाखवल्याशिवाय नवे दिले नाहीत, म्हणून तर सगळ्यांना पुरले."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल मास्तरांचे तीन सिलिंडर टेम्पोने वळशाच्या रस्त्याने पाठवले. हिला सगळं सांगितलं, अगदी पंपासकट. मग म्हटलं, त्याची अडगळ म्हणालो ते चुकलं, पण त्याला गाडी नको होती हे तर खरं ना.

ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"तुम्ही चार महिने भिंतीकडे तोंड करून बसला होतात," ती म्हणाली. "मला भीती वाटायला लागली होती. मी त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, यांना काहीतरी काम दे. त्याच्याकडे काम नव्हतं. गाडी होती."

मग एकेक बाहेर आलं. रोपवाटिकेत माती आता हातगाडीवरून जाते. त्याचे तळहात त्यामुळे फुटले होते. तो चालत यायचा कारण यायला दुसरं काही उरलंच नव्हतं. सायकल त्याने नंतर शेजाऱ्याकडून मागून घेतली. हे मला सांगायचं नाही, अशी त्याने तिला शपथ घातली होती. त्या फोननंतरही शपथ मोडू दिली नाही.

"मग आज का सांगितलंस?"

"तुम्ही पंपाचं स्वतःहून सांगितलंत म्हणून."

तिच्या समोर बसून उरलेली भाजी निवडली. ती म्हणाली, देठ फार मोठे ठेवताय. एकवीस दिवसांनंतर हिने माझ्या कामात चूक काढली आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

५ ऑक्टोबर, रविवार

म्हैस घेऊन रोपवाटिकेत गेलो. वाटेत मनात माफीचं मोठं भाषण जुळवलं होतं, कारखान्याच्या निरोपसमारंभात करतात तसं. मेहुणा गुडघ्यावर बसून रोपं मोठ्या पिशव्यांत हलवत होता. बाजूला हातगाडी. तिच्या मुठींना चिंध्या गुंडाळलेल्या.

त्या चिंध्या बघितल्या आणि भाषण विसरलो. म्हटलं, "चूक माझी होती. सगळीच. फोनवर बोललो तीही."

तो रोपाच्या बुंध्याशी माती दाबत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशी फार लागलं होतं, भावजी."

"माहीत आहे."

"दोन दिवस जेवलो नाही."

मी मान खाली घातली. थोड्या वेळाने त्याने हात झटकले आणि विचारलं, "दोन्ही बाजूंची बदललीत ना? एकच बदललं तर दुसरं मागोमाग जातं."

दोन्ही बदलली म्हटलं. बाईंच्या वाट्यांबद्दल सांगितलं. त्याला बघायच्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून म्हैस ठोकळ्यावर चढवली, त्याने आडवं पडून वाटीभोवती बोट फिरवलं आणि "वा" म्हणाला. चाक धरून वर-खाली हलवलं. जराही डुललं नाही.

गाडी परत घे म्हटलं, तर ऐकेना. मास्तरांना कोण पोचवणार, असं विचारतो. शेवटी ठरलं ते असं. आठवड्यातले तीन दिवस नदी, त्यातल्या एका फेरीला एक सिलिंडर जास्तीचा, उरलेले चार दिवस म्हैस त्याच्याकडे. मोठं पाणी असेल त्या दिवशी दोघांनी मिळून जायचं, एकट्याने उतरायचं नाही. पंप त्याला झाडांना पाणी घालायला देऊन टाकला.

८ ऑक्टोबर, बुधवार

आज काठावर दहा मिनिटं थांबलो. एक्सल कोमट होता, मग गार झाला. इतक्या फेऱ्या केल्या पण नदीचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला.

मास्तरांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "त्या दिवशी... मी मोजत होतो." दम घेतला. "त्याची पावलं." आणखी दम. "त्याने माझा श्वास खांद्यावर आणला." डोळे मिटून पडून राहिले. मग म्हणाले, "त्याला घेऊन या."

घेऊन येईन म्हटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

म्हैस ठरल्याप्रमाणे रोपवाटिकेत पोचवली. मेहुण्याने लगेच वीस ट्रे लादले आणि उताराकडे निघून गेला. हातगाडी शेडच्या मागे उलटी करून ठेवलेली. जाताना म्हणाला, मंगळवारी मास्तरांकडे मीही येतो, त्यांच्या खिडकीत ठेवायला एक रोप काढून ठेवलंय.

ही बरोबर आली होती. आम्ही दोघं चालत परत निघालो. माझा घोटा अजून थोडा धरतो, म्हणून हळूहळू. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण आम्ही तासभर असे बरोबर चाललेलो मला आठवत नाही. मी नेहमी दोन पावलं पुढे असायचो.

ती भावाबद्दल बोलत होती. तो सात वर्षांचा असताना आई गेली आणि हिने त्याला वाढवला, एवढं मला माहीत होतं. बाकी मी कधी विचारलं नव्हतं. तो लहानपणी काही मागायचा नाही, म्हणाली. शाळेत चप्पल तुटली तर घरी येऊन सांगायचा नाही, बांधून चालायचा. तिने काही आण म्हटलं की मात्र धावत जायचा.

"मी त्याला सगळं शिकवलं," म्हणाली. "मला नाही म्हणायला तेवढं शिकवलं नाही. म्हणून त्याच्याकडे मागताना मला फार जड गेलं होतं."

मी तिचा हात धरला. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. तिने आजूबाजूला बघितलं, पण सोडवून घेतला नाही.

घरी पोचलो तेव्हा पाय भरून आले होते. दोघंही पायरीवरच बसलो, कुलूप काढायची घाई कोणालाच नव्हती.